सुरणाचं फूल आणि शेजारच्या काकू

प्रश्न : ताई, बाजारातला मोठा सुरण कुंडीत लावला होता, तर पान यायच्या आधीच भलंमोठं जांभळट फूल आलंय आणि उंदीर मेल्यासारखा वास सुटलाय. शेजारच्या काकू रोज नाक धरून विचारतात. उपटून टाकू का? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : अहो, अजिबात नका उपटू! तो वास माशा-भुंगेऱ्यांना बोलवायला असतो, त्यांना वाटतं मांस सडलंय. फूल उमलतं तेव्हा आतून चक्क गरम होतं आणि घाणही तेव्हाच जास्त, मग पराग सुटले की वास उतरतो, तेवढे एक-दोन दिवस कुंडी गच्चीवर सरकवा न् काकूंना सांभाळून घ्या. याचाच भाऊबंद सुमात्राचा टायटन अरम, तो १८८९ मध्ये लंडनच्या क्यू गार्डनमध्ये फुललेला, त्याच्यापुढे तुमचं फूल म्हणजे काहीच नाही.

फूल वाळलं की छत्रीसारखं पान येईल. आपल्या काळ्या मातीत पाणी साचून कंद सडतो, म्हणून वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळाच. पान पिवळं पडलं की पाणी बंद. आणि कंदाला उघड्या हाताने नका धरू, खाज सुटते.