यक्ष घ्या, पण त्याच्या अटीसकट

तुम्ही विचारलंय की मराठीत अद्भुत कादंबरी लिहायला घेतली आहे, ड्रॅगन आणि व्हॅम्पायर नकोत, राक्षस-नागही फार वापरून झाले. तर पुराणांतले आणि लोककथांतले कमी वापरलेले दहा-पंधरा प्राणी, भुतंखेतं सुचवा. आणि शेवटी विचारलंय, की गावोगावी ज्यांची अजून पूजा होते त्यांना कथेत घेतलं तर चालेल का.

यादी देत नाही. यादीतून नावं मिळतात, आणि नुसत्या नावाने काय होतं ते मी एकदा भोगलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात माझी कथा आली होती. कथेत जखीण होती. अंक हातात आला तर चित्रात उलटे पाय, मोकळे केस, वीतभर नखं. त्याहून वाईट म्हणजे संपादकांनी सगळीकडे 'जखीण' खोडून 'हडळ' केलं होतं, वाचकांना तो शब्द ओळखीचा म्हणून. माझी अख्खी कथा त्या एका शब्दावर उभी होती. जखीण म्हणजे सवाष्णपणी गेलेली बाई. कपाळावर कुंकू घेऊन गेली, पण जीव घरात राहिला. मुलं, चूल आणि मागून आलेली दुसरी बायको यांच्यात. हडळ म्हणजे बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या दहा दिवसांत गेलेली. विधवा गेली तर ती लावसट. गावागणिक थोडा फरक होतो, पण मोजमाप हेच. माझ्या कथेत दुसरी बायको रोज सकाळी कुंकवाचा करंडा उघडते तेव्हा त्यात बोटाचा ठसा आधीच उमटलेला असतो. हडळीला त्या करंड्याचं काय पडलंय?

सांगायचं ते हेच. आपल्याकडचं भूत नुसतं भीतीचं रूप नाही. त्याचं काहीतरी अर्धं राहिलेलं असतं, आणि ते काय ते सगळ्या गावाला ठाऊक असतं. मुंजाची मुंज झाली पण सोडमुंज, म्हणजे ब्रह्मचर्य सोडायचा विधी, व्हायच्या आत तो गेला, म्हणून पिंपळावर बसला. समंधाला वारस नाही, जीव धनात अडकलेला, म्हणून पुरलेला हंडा राखतो. प्रत्येकाचं ठिकाण ठरलेलं, मागणं ठरलेलं, तो कधी सोडतो तेही ठरलेलं. आमच्या घरात याला 'दंडक' म्हणत. दंडक काढून घेतला तर उरतो तो मुखवटा, आणि मुखवट्याला ड्रॅगन म्हटलं काय नि समंध म्हटलं काय.

आता माझ्या सगळ्यात आवडत्याकडे येतो, म्हणजे यक्षाकडे. 'जखीण' हा शब्द तिथूनच आला आहे: यक्षिणी, प्राकृतात जक्खिणी, मग जखीण. जाखाई त्याच घरातली. म्हणजे एकच शब्द एका वाटेने देवी झाला आणि दुसऱ्या वाटेने भूत. बहुतेक लेखकांना यक्ष म्हटलं की तळ्याकाठी युधिष्ठिराला प्रश्न विचारणारा आठवतो, नाहीतर मेघाला निरोप देणारा. दोन्ही ठिकाणी तो जरा सभ्य झालेला आहे. त्याचं मूळ रूप बघायचं असेल तर ग्वाल्हेरला या. किल्ल्याच्या पायथ्याशी गुजरी महाल आहे, मानसिंह तोमराने मृगनयनीसाठी बांधलेला. तिथे आता संग्रहालय आहे. त्यात पवायाहून आणलेला मणिभद्र यक्ष उभा आहे. पवाया म्हणजे डबऱ्याजवळ सिंध आणि पार्वती या नद्यांच्या संगमावरचं गाव, जुनी पद्मावती. भवभूतीचं 'मालतीमाधव' जिथे घडतं ती नगरी. मूर्ती साधारण दोन हजार वर्षांची. सुटलेलं पोट, गळ्यात जाडजूड दागिना, धोतराच्या ठसठशीत निऱ्या, आणि हातात पैशांची थैली. खाली लेख कोरलेला आहे: स्वामी शिवनंदी राजाच्या चौथ्या वर्षी मणिभद्राच्या भक्तांच्या गोष्ठीने, म्हणजे मंडळाने, ही मूर्ती बसवली. वर्गणीदारांची नावंही आहेत. मी शाळेत असताना ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून सायकलने तिथे जायचो आणि त्या पोटाकडे बघत राहायचो. हा देव तुम्हाला मोक्ष देणारा नाही, हे बघताक्षणी कळतं. हा रस्त्याचा देव आहे, माल पोचवणारा.

आणि माल पोचला नाही तर? ते महाभारताच्या वनपर्वात आहे, आणि कादंबरीकाराने ते वाचायलाच हवं. नळाने टाकून दिलेली दमयंती, अर्ध्या वस्त्रात, एका व्यापारी तांड्याला येऊन मिळते. तांड्याचा नायक तिला म्हणतो, यक्षराज मणिभद्र आमच्यावर प्रसन्न असो. रात्री तळ्याकाठी मुक्काम पडतो, सगळे झोपतात, आणि पाण्यावर आलेला रानहत्तींचा कळप झोपलेल्या माणसांना तुडवत जातो. सकाळी वाचलेले लोक हिशेब मांडायला बसतात. मणिभद्राची पूजा करायची राहिली का? कुबेर कोपला का? आणि मग कुणीतरी म्हणतं, काल ती वेड्यासारखी बाई आली होती, तीच यक्षी किंवा राक्षसी असणार. दिसली की दगडांनी ठेचू. दमयंती हे ऐकते आणि रानात पळते. यक्ष एकदाही समोर येत नाही. फक्त त्याचं देणं द्यायचं राहिलेलं आहे, आणि त्या थकबाकीपायी माणसं एका निरपराध बाईला मारायला निघतात. मला भयकथेचा याहून चांगला पाया माहीत नाही.

तांड्यांचा असाच एक रस्ता आजही ग्वाल्हेरवरून जातो: आग्रा-मुंबई. रात्री ढाब्यावर उभ्या ट्रकांच्या रांगा बघा, पुढे लटकलेली लिंबं-मिरच्या बघा. मणिभद्राला काम कमी पडलेलं नाही.

यक्षांमधला दुसरा, स्थूणाकर्ण, उद्योगपर्वातला. शिखंडीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण शिखंडीला पुरुषत्व दिलं कुणी हे विचारा, बहुतेक जण थांबतात. मुलगी म्हणून जन्मलेली, मुलगा म्हणून वाढवलेली, लग्न झालं, सासऱ्याला कळलं, तो सैन्य घेऊन निघाला. शिखंडिनी जीव द्यायला रानात गेली. ते रान या यक्षाचं. त्याने तिची कड घेतली आणि काही काळापुरतं आपलं पुरुषत्व तिला दिलं, तिचं स्त्रीत्व आपण घेतलं; काम झालं की परत करायचं. मधेच कुबेर दौऱ्यावर आला. स्थूणाकर्ण लाजून घराबाहेर येईना. कुबेराने शाप दिला: शिखंडी जिवंत आहे तोवर तू असाच राहा. शिखंडी ठरल्याप्रमाणे उसनं परत करायला आला, तेव्हा ते घेता येणार नाही हे यक्षाने सांगितलं. पुढे कुरुक्षेत्र झालं, भीष्म पडले, शिखंडी रात्रीच्या कत्तलीत मारला गेला. एवढी वर्षं त्या रानातल्या घरात तो यक्ष एका माणसाच्या मरणाची वाट बघत होता की ते लांबावं म्हणून प्रार्थना करत होता? हा प्रश्न मला वीस वर्षं छळतोय. तुम्ही लिहा, मी आनंदाने वाचीन.

सटवाई. ही तर तुमच्या-माझ्या घरातली. माझ्या बहिणीला मुलगी झाली तेव्हा आम्ही ग्वाल्हेरच्या दौलतगंजातल्या जुन्या घरात होतो. सहाव्या रात्री आजीने पाट मांडला, वर पाटा-वरवंटा, हळदकुंकू, कोरा कागद आणि पेन. मी पेन ठेवून वळलो तर आजीने हाक मारून परत बोलावलं: "अरे, टोपण काढ. ती बिचारी टोपण लावलेल्या पेनाने कशी लिहील?" मालिश करायला येणाऱ्या बाई इथल्याच, त्या म्हणाल्या, आमच्यात बेमाता लिहिते. दोघींनी मिळून दिवा रात्रभर जपला. कोण लिहिणार यावर त्यांच्यात काही भांडण झालं नाही.

सटवाईची एक जुनी कथा आहे. इरावती कर्व्यांनी १९५० साली तिच्यावर इंग्रजीत टिपण लिहिलं होतं. सटवाईची मुलगी आईला विचारते, रोज रात्री कुठे जातेस? लोकांच्या कपाळी लिहायला. मग माझ्या कपाळी काय लिहिलंस? आई टाळते, मुलगी हट्ट धरते, तेव्हा कळतं: तू पोटच्या मुलाशी लग्न करशील. मुलगी रानात जाते, पुरुषाचं तोंड बघायचं नाही असं ठरवते. एका राजाने चूळ भरून टाकलेलं पाणी तिच्या पिण्यात येतं आणि तिला दिवस जातात. बाळ ती वस्त्रात गुंडाळून टाकून देते. ते एका माळ्याला सापडतं, त्याच्या घरी वाढतं. पुढे व्हायचं ते होतं. सासरी एक दिवस ते जुनं वस्त्र तिच्या नजरेस पडतं आणि तिला सगळं उमगतं. आणि मग? ती डोळे फोडून घेत नाही, जीव देत नाही. गप्प राहते आणि संसार करते. ईडिपसच्या ग्रीक कथेशी तुलना सगळे करतात, पण माझं लक्ष त्या गप्प राहण्यावर जातं. आणि आईवर. जिला लिहिणं थांबवता येत नाही, खोडता येत नाही, पोटच्या पोरीसाठीही नाही. तिचा दंडक तिच्यावरच उलटला आहे. अशा बाईला खलनायिका करू नका, कृपा करून.

प्राणीच हवे असतील तर वनपर्वातलं इंद्रद्युम्नाचं आख्यान घ्या. पृथ्वीवर कुणालाच आठवत नाही म्हणून या राजाला स्वर्गातून खाली टाकतात. तो मार्कंडेयाला विचारतो, मला ओळखता का? नाही. माझ्याहून वयाने मोठा एक घुबड आहे हिमालयात, प्रावारकर्ण. राजा घोडा होऊन ऋषीला पाठीवर घेऊन जातो. घुबड घटकाभर आठवून बघतो, नाही म्हणतो, आणि आपल्याहून म्हाताऱ्या बगळ्याकडे नेतो, नाडीजंघाकडे. तोही नाही म्हणतो आणि त्याच तळ्यातल्या कासवाला, अकूपाराला, हाक मारतो. कासव वर येतं, थोडा वेळ विचार करतं, आणि त्याचे डोळे भरून येतात: याने हजार वेळा यज्ञ केले, आणि याने दान दिलेल्या गायींच्या खुरांनी खणलं गेलं तेच हे तळं, जिथे मी राहतो. त्याच क्षणी स्वर्गातून रथ येतो. कुठे युद्ध नाही, कुणी मरत नाही, तरी तीन म्हातारे प्राणी एका माणसाचं अस्तित्व तोलत बसलेत. मुलांसाठी लिहिणार असाल तर याच्यापासूनच सुरुवात करा.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. शरभ, म्हणजे सिंहासारखं काल्पनिक जनावर, आपल्या किल्ल्यांच्या दरवाज्यांवर जागोजागी आहे. जंजिऱ्याचा तर पंजांत आणि शेपटीत हत्ती धरून उभा आहे. बघायला जबरदस्त, पण त्याला फारसं मन नाही. पहारेकरी म्हणून ठीक. नवगुंजर सारळा दासांच्या ओडिया महाभारतातला, नऊ जिवांचा मिळून एक. अर्जुन त्याच्यावर बाण रोखतो आणि त्याचा एक पाय म्हणजे माणसाचा हात आहे, त्यात कमळ आहे, हे बघून धनुष्य खाली ठेवतो. त्यात एक उत्तम प्रसंग आहे, कादंबरी नाही. चकवा मात्र सोडू नका. त्याला रूपच नाही; रात्री ओळखीच्या वाटेवर माणसाला गोल गोल फिरवतो, आणि उपाय एकच, आहे तिथे बसून उजाडायची वाट बघायची. साती आसरा पाण्याकाठच्या, शब्द अप्सरेवरून आलेला, रूप मात्र शेंदूर लावलेल्या सात दगडांचं. भर दुपारी पाण्यावर जाऊ नये म्हणतात ते त्यांच्यासाठी. दुपारच्या उन्हातली भीती मराठीत फार कमी लिहिली गेली आहे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. ज्यांना नैवेद्य चालू आहे त्यांना घ्यायला हरकत नाही, पण ते कुणाच्या तरी घरचे आहेत हे धरून लिहा. गावाचं नाव बदला, देवाचा स्वभाव बदलू नका. वेताळाला आपण एका राजाच्या पाठीवर बसवून गोष्टी सांगायला लावलं आणि तिथेच सोडलं. सिंधुदुर्गात आरवलीला तोच वेतोबा म्हणून गावाचा राखणदार आहे. लोक त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि हातभर लांबीच्या चामड्याच्या वहाणा करून देतात, कारण तो रात्री गावाची फेरी करतो आणि चालून चालून त्या झिजतात. मी गेलो होतो तेव्हा देवळात त्या वहाणांसमोर उभ्या असलेल्या एका आजोबांना मी विचारलं, खरंच झिजतात? त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. वाकून एका वहाणेच्या टाचेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पावसाळ्यात जास्त."