धंदा अडचणीत आहे हे सांगितलं तर पत जाईल का?

"मॅडम, पोटात दुखलं तर डॉक्टरला सांगता येतं, भांडण झालं तर वकिलाला. पण धंदा गळ्याशी आलाय हे सांगायचं कुणाला? आज सांगितलं की उद्या वाळूवाला रोख मागणार."

मी समुपदेशक आहे. थोड्याफार फरकानं हे कायम ऐकते. शिरोलीचा फाउंड्रीवाला (लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओतणारा), हुपरीचा चांदीवाला, इचलकरंजीचा यंत्रमागवाला, सगळ्यांची भीती एकच. इकडं कोल्हापूर भागात अजूनही निम्मा व्यवहार तोंडी चालतो. फोनवर "पाठवून देतो" म्हटलं की माल येतो. ज्या माणसाचा सगळा धंदा असा पतीवर उभा आहे, त्याला आपली अडचण बोलून दाखवणं म्हणजे स्वतःच्या हातानं शटर ओढण्यासारखं वाटतं. ही भीती खोटी नाही. "मन मोकळं करा, बरं वाटेल" एवढंच सांगून मी कुणाला परत पाठवत नाही, ते त्यामुळंच.

ज्यांची गोष्ट सांगते आहे त्यांची परवानगी घेतलेली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत. इथं त्यांना नुसतं दादा म्हणते.

दादांच्या वडिलांनी शिवाजी उद्यमनगरात एका लेथवर कामाला सुरुवात केली. दादांनी शिरोली एमआयडीसीत फाउंड्री उभी केली. पंपाची, ट्रॅक्टरची कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं, शिरोलीजवळ रस्ता बंद झाला, तेव्हा माल गेटात अडकून पडला होता. २०२० ला टाळेबंदी. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर, पुन्हा रस्ता बंद. या सगळ्यातून ते निघाले. अडकले ते नंतर, वरवर सगळं सुरळीत दिसत असताना. जवळपास सत्तर टक्के काम एकाच मोठ्या कंपनीचं होतं. तिनं पैसे ९० दिवसांवरून १२० वर नेले, मग त्याच्याही पुढं. बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला जीएसटी भरावाच लागतो, पैसे आलेले असोत वा नसोत. विजेचं बिल थांबत नाही. भंगार आणि पिग आयर्न (कच्चं लोखंड) उधारीवर तरी किती दिवस मिळणार? त्यात एका लॉटला ब्लो होल, म्हणजे ओतकामात वायूनं पडणारी छिद्रं, निघाले आणि बराच माल रिजेक्ट होऊन परत आला.

वहिनी त्यांना घेऊन आल्या. सकाळी आठला दादा घरातून निघायचे, कारखान्याच्या गेटाबाहेर गाडी उभी करायचे आणि आतच बसून राहायचे. फोन वाजला की सीटवर पालथा ठेवायचे. फोरमननं येऊन काच वाजवली की मग उतरायचे. रात्री दोनच्या सुमाराला जाग यायची, ती सकाळपर्यंत. वजन उतरलं होतं. "दादा, जेवण जातं का?" विचारलं तर म्हणाले, "ताटावर बसतो की."

पहिल्याच भेटीत मी त्यांना स्पष्ट विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतं का?" असं विचारल्यानं नसलेला विचार माणसाच्या डोक्यात शिरेल, ही समजूत चुकीची आहे. उलट कुणीतरी विचारलं, याचंच बऱ्याच जणांना हायसं वाटतं. दादा थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "विम्याचे कागद काढून बघितलेत मी." त्यानंतर बाकीची चर्चा बाजूला ठेवली. त्यांच्या संमतीनं वहिनींना आत बोलावलं, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवलं. झोपेसाठी आणि नैराश्यासाठी औषधं सुरू झाली. काही आठवडे वहिनींनी त्यांना एकटं सोडलं नाही. धंद्याचं बोलायला आम्ही बसलो ते यानंतर. झोप नसलेल्या माणसाला हिशेब मांडायला लावण्यात अर्थ नसतो.

मग एक कागद घेतला. मी म्हटलं, "तुमची अडचण आजमितीला कुणाकुणाला माहीत आहे, लिहा." त्यांनी लिहिलं: कुणाला नाही. मी एकेकाचं विचारत गेले. अकाउंट बघणारा मुलगा? त्याला माहीत असणारच, चेक तोच लिहितो. वाळूवाला? दोन वेळा चेक परत गेलाय. फोरमन? भट्टी एक दिवसाआड लागते, ओव्हरटाइम बंद आहे. त्याला काय कळत नसेल? बँक? सीसी (कॅश क्रेडिट) कर्जखातं मर्यादेला टेकलंय, तिथं तर सगळं स्क्रीनवर दिसतं. वहिनी? हप्त्याचा मेसेज त्यांच्या फोनवरही येतो. कागद भरला. दादा त्याच्याकडं बघत राहिले.

या कामात मला पक्कं कळलेली गोष्ट हीच. मालक ज्या दिवशी "आता सांगू का नको" म्हणून झुरत असतो, त्या दिवशी बाजाराला निम्मं माहीत झालेलं असतं. माहीत नसतं ते इतकंच, की यातून बाहेर पडायचा या माणसाकडं काही विचार आहे का. ती मोकळी जागा मग अफवा भरून काढतात. गप्प राहून दादा पत वाचवत नव्हते, अफवेला वेळ देत होते.

म्हणून सगळ्यांना सगळं सांगा, असं नव्हे. बायकोला सांगायचं वेगळं, बँकेला वेगळं, कामगारांना वेगळं. आणि एक जागा अशी हवी जिथं काही राखून न ठेवता बोलता येईल, आणि समोरच्यानं भट्टीची धग स्वतः सोसलेली असेल. मी भीती, झोप, घर यावर काम करू शकते. कास्टिंगचा दर किती सोडावा आणि कुठलं गिऱ्हाईक सोडावं, हे मी सांगू शकत नाही.

दादा एका लिलाव भिशीत होते. सगळे दरमहा पैसे घालतात आणि सगळ्यात जास्त तोटा सोसायची बोली लावेल तो रक्कम उचलतो. दहाबारा कारखानदार, महिन्यातून एकदा जेवण, तांबडा-पांढरा आणि बोली. वर्षानुवर्षं भेटतात, पण "कसं चाललंय?" विचारलं की प्रत्येकाचं उत्तर ठरलेलं: "एकदम झकास." यातल्याच एका ज्येष्ठाचं नाव दादांनी घेतलं. इथं त्यांना अण्णा म्हणू. दादा भीतभीत त्यांच्या केबिनमध्ये गेले, दार लावून बसले आणि बोलायला लागले. अण्णांनी मध्येच थांबवलं. "मला म्हाईत हाय. ह्या वर्षात दोनदा भिशी उचललीस, दोनदा एवढी तोट्याची बोली. गळ्याशी आल्याबिगर कोण असली बोली लावतंय काय? म्या वाट बघत हुतो तू कवा येतोस."

मी नंतर अण्णांनाही भेटले. कळलं होतं तर स्वतःहून का नाही विचारलं, असं विचारल्यावर ते म्हणाले, "विचारलं असतं तर त्याला वाटलं असतं, मी माझे पैसे बुडतील म्हणून विचारतोय." दोघं एकमेकांची अब्रू राखत बसले होते आणि तेवढ्यात महिने गेले.

अण्णांनी पुराची आठवण काढली. त्यांच्या ओळखीच्या एकाचं पॅटर्न शॉप पाण्यात गेलं, साचे पाडायचे लाकडी पॅटर्न फुगून वाया गेले. ज्याच्याशी दराची चुरस असायची त्यानंच आपल्या भट्टीवर याची ऑर्डर ओतून दिली. कुणी जनरेटर दिला, कुणी कामगारांच्या जेवणाचं बघितलं. तालमीची पोरं तर पाण्यात उतरलेलीच होती. त्या काळात मदत मागितल्यानं कुणाची पत गेली नाही. मला वाटतं, कारण पाणी सगळ्यांना दिसत होतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ४३ फुटांच्या वर गेली की धोका, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अडकलेल्या पैशांना अशी पट्टी नसते. म्हणून पूर आला की आपण नशिबाला बोल लावतो आणि पैसे अडकले की माणसाला. "त्याला धंदा कळत नाही" म्हणून मोकळे होतो. हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं.

दादा, अण्णा आणि मशीन शॉप चालवणारे आणखी एक, असे तिघं सोमवारी, सुट्टीच्या दिवशी बसायला लागले. भिशीचं जेवण वेगळं, ही बैठक वेगळी. काही नियम मी सुचवले, काही त्यांनी घातले. तिघांचं मोठं गिऱ्हाईक एक नसावं. इथलं बोलणं घरीसुद्धा न्यायचं नाही. या बैठकीत उसने पैसे मागायचे नाहीत, जामीन राहायचं नाही. हा नियम अण्णांचा, आणि तो फार मोलाचा आहे. एकदा पैसे मध्ये आले की खरं बोलणं संपतं. आणि शेवटचा, पाळायला सगळ्यात अवघड: "तू असं कर" म्हणायचं नाही, "माझ्यावर अशी वेळ आली तेव्हा मी असं केलं, आणि त्याचं असं झालं" एवढंच सांगायचं. सल्ला मिळाला की खचलेला माणूस आणखी लहान होतो. अनुभव ऐकला की आपलं काय ते तो स्वतः ठरवतो.

मशीन शॉपवाल्यानं सांगितलं, की त्यांचा हप्ता थकला तेव्हा साठाव्या दिवसाच्या आत ते स्वतः बँकेत गेले होते. ९० दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे बुडीत खात्यांच्या यादीत, जातं आणि मग मॅनेजरच्या हातात फारसं काही राहत नाही. त्याआधी लहान उद्योगाला स्वतः अर्ज करून कर्जाची पुनर्रचना मागता येते. रिझर्व्ह बँकेनं २०१६ साली व्यापारी बँकांसाठी तशी चौकट घालून दिली आहे, २५ कोटींपर्यंतच्या कर्जांना ती लागू होते. दादांना हे ठाऊकच नव्हतं. बँकेचा फोन आला की ते उचलत नव्हते, मग ठाऊक होणार कसं?

थकलेल्या पैशांवरही बोलणं झालं. २००६ च्या कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही ४३ बी (एच) हे कलम आलं, म्हणजे मुदतीत पैसे दिले नाहीत तर देणाऱ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, पैसे देईल त्या वर्षी करता येतो. त्यासाठी लहान उद्योगांची सरकारी 'उद्यम' नोंदणी हवी आणि बिलावर तो नंबर हवा. दादांची नोंदणी होती, बिलावर नंबर नव्हता. थकलेल्या पैशांसाठी सरकारी पोर्टलवर तक्रार करायचा रस्ताही आहे. अण्णांनी आपलं खरं सांगितलं: त्यांनी एकदा तक्रार केली, पैसे आले, गिऱ्हाईक गेलं. ते गेल्याचं त्यांना आज वाईट वाटत नाही, पण पुढचे सहा महिने कठीण गेले. दादांनी तक्रार केली नाही. आधी बिलावर नंबर टाकला, कंपनीच्या अकाउंट्सला सविस्तर पत्र लिहिलं आणि नवी ऑर्डर निम्मी केली.

कामगारांशी बोलायची त्यांना सगळ्यात जास्त धास्ती होती. आम्ही माझ्या खोलीत तालीम केली. आकडे किती सांगायचे, काय कबूल करायचं नाही. दादांचं पहिलं वाक्य होतं, "आपण सगळे मिळून यातून बाहेर पडू." मी म्हटलं, हे नको, पगाराची तारीख सांगा. पगाराच्या दिवशी मोल्डिंगच्या, म्हणजे साचे करायच्या, जागेतच ते उभे राहिले आणि म्हणाले, "ह्या महिन्यात निम्मा पगार आज, निम्मा वीस तारखेला. वीसला नाही जमलं तर अठरालाच सांगतो. मोठ्या कंपनीचं काम कमी करतोय, म्हणून दोन महिने ओव्हरटाइम नाही. कुणाला दुसरीकडं जायचं असेल तर राग नाही, हिशेब पुरा करून देतो." दोघं मोल्डर गेले. बाकीचे थांबले. फोरमननं ब्लो होलचा विषय काढला. वाळूत ओल जास्त जाते, हे त्याला कधीपासून दिसत होतं. पण मालक गाडीतून उतरत नव्हता, सांगणार कुणाला?

वीस तारखेला पगार झाला. दादांनी गाडी विकली, सुटे भाग कोरायचं एक संगणकी व्हीएमसी मशीन विकलं. बँकेनं हप्ते लांबवून दिले, व्याज अर्थात वाढलं. कारखाना आज पूर्वीपेक्षा लहान आहे. एका कंपनीचं काम चाळीस टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही, असं ठरवलंय. औषधं बरेच महिने चालली, मग डॉक्टरांनीच हळूहळू बंद केली. वाळूवाला काही महिने रोखच मागत राहिला. हेही सांगायला हवं, कारण सांगितल्यानं काहीच बिघडत नाही असं नाही.

अशी बैठक उपचाराची जागा घेत नाही. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, मरणाचे विचार येत असतील तर आधी डॉक्टर. रात्री-अपरात्री कुणी नसेल तर टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करता येतो. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. जीवाला धोका असण्यासारखे अपवाद सोडले तर तुमचं बोलणं समुपदेशक बाहेर सांगणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं उपचारांबाबतची गोपनीयता हा तुमचा हक्क आहे.

काही महिन्यांनी अण्णांनी सोमवारी स्वतःची गोष्ट काढली. मुलगा पुण्यात नोकरीला आहे, फाउंड्रीत यायचं नाही म्हणतो. ते दोन वर्षं कुणाला बोलले नव्हते. दादांनी सल्ला दिला नाही. उद्यमनगरातला लेथ सोडून शिरोलीत जायचं ठरवलं तेव्हा वडील किती महिने त्यांच्याशी बोलत नव्हते, ते सांगितलं.

मध्यंतरी गोकुळ शिरगावचा एक तरुण कारखानदार या बैठकीत यायला मागत होता. त्याचं आणि मशीन शॉपवाल्याचं मोठं गिऱ्हाईक एकच निघालं, म्हणून त्याला नाही म्हणावं लागलं. त्यानं तिकडं आपल्या ओळखीच्या तिघा-चौघांना घेऊन वेगळी बैठक सुरू केली. पहिल्या सोमवारी नियम समजावून सांगायला दादा गेले होते.