बोअर मारू की ताली घालू? खटावच्या एका ताईंना उत्तर

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. खटाव तालुक्यात ४ एकर उताराचं रान, सातबारावर यजमानांच्या जोडीला दिरांचंही नाव, यजमान नवी मुंबईत माथाडी, साठलेले ३ लाख रुपये. यजमान म्हणतात बोअर मारू, मोटारीसकट १ लाख ८० हजार. तुम्हाला ताली, म्हणजे उताराला आडवे मातीचे बांध, घालून रान बांधून घ्यायचंय.

मी तुमच्या बाजूचा आहे. पण जेसीबी बोलावण्याआधी एक काम उरकायला लागेल, त्यावर खाली येतो.

आपल्याकडचा खडक काळा पाषाण. पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. वस्तीवरच्या ५ पैकी ३ बोअर कोरड्या गेल्या, असं तुम्हीच लिहिलंय. नुसता फुफाटा निघाला तर खोदाईचा एक रुपयाही परत येत नाही. आणि बोअर लागली तरी तिच्यात येणार ते शिवारात मुरलेलंच पाणी. वर्षाला ५०० मिमी पाऊस धरला, तर एका एकरावर २० लाख लिटर पाणी पडतं, म्हणजे १० हजार लिटरचे २०० टँकर. तुमच्या रानातून त्यातलं बरंचसं मातीसकट ओढ्याला जातं. कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं २०१६ चा पहिला वॉटर कप, म्हणजे पाणी फाउंडेशनची गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा, जिंकली ती पाणी अडवून, मुरवून.

आता हिशोब. जेसीबीचा दर तासाला १,२०० आणि ४० तास, म्हणजे ४८ हजार. दगडी सांडवे (तालीतून जादा पाणी उतरायच्या वाटा) आणि मजुरी १७ हजार. एकूण ६५ हजार. हीच रक्कम ७ टक्क्यांनी एफडीत ठेवली तर वर्षाला ४,५५० मिळतील. शेजारच्या बांधलेल्या रानात एकरी दीड क्विंटल शाळू (रब्बीची ज्वारी) जास्त होतो म्हणता. ३,००० भावानं ४ एकरांत ते १८ हजार झाले, कडबा वेगळा. पाऊस दरवर्षी साथ देत नाही म्हणून मी निम्मेच, ९ हजार धरतो. तरीही एफडीच्या जवळपास दुप्पट. फरक एवढाच की एफडीची मुद्दल परत हातात येते, तालीची येत नाही. ती पिकातूनच फिटायची, आणि त्याला ४ ते ७ वर्षं लागतात.

म्हणून मला काळजी सातबाराची वाटते. मी ज्या घरांचे हिशोब बघतो, त्यांत ताली घालणारे बहुतेक दोन गोष्टींत निवांत असतात: रान कुणाच्या वाट्याचं हे ठरलेलं असतं, आणि महिन्याचा किराणा शेतीवर नसतो. बाकीच्यांना पाणी अडवण्याचं मोल कळत नाही असं अजिबात नाही. सात वर्षांनी रान आपल्याकडे राहील याची खात्री नसेल, तर त्यात पैसा कोण गाडेल? तुमच्याकडे मुंबईचा पगार आहे, वाटणी नाही. उद्या वाटणीची रेघ ताल मोडून गेली तर ६५ हजार मातीत गेले.

दिरांशी आधी बोला, तेही यजमान घरी असताना. दोघे राजी असतील तर महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे संमतीनं वाटणी होते. मोजणी करून हद्द कायम करा आणि मग उताराला आडव्या ताली घाला. दीर ताली दोघांत मिळून घालायला तयार झाले तर फारच उत्तम. वरच्याचं पाणी खालच्याला सांडव्यातून नीट उतरेल आणि भांडण मिटेल.

उरलेल्या २ लाख ३५ हजारांतले १ लाख २० हजार बँकेतच राहू द्या. माथाडीचं काम कमी-जास्त होतं आणि आजारपण सांगून येत नाही. बाकीच्या पैशांतून शेततळ्याची घाई करू नका. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल तळं २२ लाख लिटरच्या आसपास पाणी धरतं खरं, पण ९ गुंठे रान खातं, वर भरावाची जागा वेगळी. एक पावसाळा ताली कशा धरतात ते बघा, मग अनुदानासाठी अर्ज करा, आणि पूर्वसंमती हातात पडल्याशिवाय माती उकरू नका.

शाळू निघाल्यावर रान मोकळं होईल. तेव्हापासून मेअखेरपर्यंतच जेसीबीला वेळ आहे, म्हणून वाटणीचा अर्ज आताच द्या.