अमेरिकेत जमिनी राखायला आणि लोकांच्या फिरण्याला सरकारनं पैसा का द्यावा? जे फिरतात त्यांनी तिकीट काढावं ना?

तिकिटाचं वाचलं आणि राहवेना. आमचे दाजी गेली कित्येक वर्षं मला हेच ऐकवतायत: "तुमची हौस आणि आमचा टॅक्स."

पण बागांसाठी जमिनी घ्यायला केंद्र सरकार देतं, तो पैसा बहुतेक टॅक्सचा नाहीच. १९६४च्या कायद्यानं 'लँड अँड वॉटर कन्झर्वेशन फंड' निघाला. त्यात येतो तो मुख्यतः समुद्रातल्या तेल-वायूच्या रॉयल्टीचा पैसा. वर्षाला ९० कोटी डॉलर, पण काँग्रेस (म्हणजे अमेरिकेची संसद) बहुतेक वर्षी त्यातला बराचसा दुसरीकडे वळवायची. २०२०च्या 'ग्रेट अमेरिकन आउटडोअर्स ॲक्ट'नं ते थांबलं. सगळ्यांच्या मालकीचं तेल उपसलं, त्या बदल्यात सगळ्यांना थोडी जमीन मिळाली. हा उपकार नव्हे, हक्क आहे.

आमच्या गावात नदीकाठी एक छोटी बाग आहे. बाबा सहा महिने माझ्याकडे राहिले होते. गुडघे धरलेले, चढ-उतार जमायचा नाही, म्हणून तिथल्या सपाट वाटेवर रोज संध्याकाळी काठी टेकत दोन फेऱ्या मारायचे. ते परत गेले आणि त्याच वर्षी कौन्सिलनं बागेच्या जागी पार्किंगची इमारत बांधायचा प्रस्ताव काढला. सुनावणीत मला तीन मिनिटं मिळाली, कोणी मान वर करून बघितलंही नाही. शेवटी कचेरीतल्या एका वयस्कर बाईंनी तळघरातून एक फाइल काढून दिली. आत पिवळा पडलेला नकाशा, बागेची हद्द लाल पेन्सिलीनं आखलेली, खाली सही आणि १९७०च्या दशकातली तारीख. बाग याच फंडातून घेतलेली होती! म्हणजे त्याच १९६४च्या कायद्याचं कलम ६-एफ लागू: ती जागा कायम लोकांना मोकळ्यावर फिरण्या-खेळण्यासाठीच राहणार. वापर बदलायचा तर नॅशनल पार्क सर्व्हिसची (राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या केंद्रीय खात्याची) मंजुरी हवी आणि निदान तेवढ्याच किमतीची, तशीच उपयोगी जागा बदल्यात द्यायला हवी. नदीकाठी अशी जागा आणणार कुठून? प्रस्ताव बारगळला.

तिकिटाच्या पैशातून फार तर देखभाल-दुरुस्ती होते, असं कायमचं बंधन येत नाही. तुमच्या गावात बाग विकायला काढली, तर भाषणं नंतर करा, आधी अनुदानाची फाइल मागा.

हो, राज्यांमार्फत येणाऱ्या अनुदानात साधारण निम्मा वाटा स्थानिकांनी घालायचा असतो आणि रोजच्या देखभालीला त्यातून काही मिळत नाही. गवत गावालाच कापावं लागतं. तेवढ्यापुरता टॅक्स जातो, तिथे दाजी बरोबर आहेत. गरीब गावांना तर तो निम्मा वाटाही झेपत नाही.

पण दाजी म्हणतात, बाग गेली असती तर टॅक्स उतरला असता. किती आणि किती वर्षं, हे मी दर दिवाळीला विचारतो. आकडा अजून आलेला नाही.