रेकॉर्ड केलेला स्वतःचाच आवाज ऐकवत नाही, मग तो सोशल मीडियावर टाकायचा कसा?

आवाज वाईट नसतो, फक्त तुम्हाला अनोळखी असतो. बोलताना तो हवेतून ऐकू येतोच, शिवाय कवटीच्या हाडांतूनही कानापर्यंत पोचतो आणि त्या वाटेने खालचे, भरदार सूर जास्त येतात. रेकॉर्डिंगमध्ये ते नसतात, म्हणून आवाज पातळ वाटतो. बाकीच्यांनी तुम्हाला कायम असंच ऐकलंय, त्यांना त्यात काही खटकत नाही.

खटकते ती बहुतेकदा खोली. उघड्या भिंती आणि फरशीच्या हॉलमध्ये आवाज घुमतो. कपड्यांचं कपाट उघडून त्याच्यासमोर बसा, पंखा बंद करा. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला धरा. अगदी समोर धरलात तर 'फ', 'भ' म्हणताना श्वासाचा झोत माइकवर आदळतो आणि धप्प असा आवाज येतो. 'भाऊ, फोन कर' एवढंच दोन्ही तऱ्हांनी रेकॉर्ड करून बघा.

भीड चेपायला व्हॉट्सअ‍ॅप बरं. माइकचं बटण दाबून वर सरकवलं की रेकॉर्डिंग लॉक होतं. थांबवून आधी स्वतः ऐका, पटलं तरच पाठवा. आठवडाभर घरच्या ग्रुपवर 30 सेकंदांचे निरोप टाका, मग इन्स्टाग्रामकडे वळा. (कागदावरून वाचू नका, वाचल्यासारखंच वाटतं.)

एक भीती मात्र खरी आहे: थोड्याशा नमुन्यावरूनही आता आवाजाची हुबेहूब नक्कल करता येते. तेव्हा घरात एक परवलीचा शब्द ठरवून ठेवा. तुमच्या आवाजात कुणी फोनवर तातडीने पैसे मागितले, तर घरच्यांनी आधी तो शब्द विचारायचा.