पहिला कॅमेरा घेताना पैसे कुठे घालायचे

मेगापिक्सेलच्या मागे लागू नका. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो. ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) तो २० बाय १३ इंच छापता येतो. घरच्या अल्बमला रग्गड झालं.

घरातली मुलं, लग्नाचे हॉल, म्हणजे कमी उजेडातलं काम असेल तर बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) जुनी चालेल, पैसे लेन्सवर घाला. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिमीची लेन्स (मिमीचा आकडा जितका मोठा, तितकं दृश्य जवळ) पूर्ण झूम केली की एफ ५.६ वर येते; एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त. ५० मिमी एफ १.८ तिच्या साडेनऊ पट उजेड आत घेते. मात्र एपीएस-सी सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान, बहुतेक सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत असतो तो) तीच लेन्स ७५-८० मिमीइतकी जवळ आणते, छोट्या खोलीत पाठ भिंतीला टेकते. तिथे ३५ मिमी बरी. पक्षी टिपायचे असतील तर हे सगळं बाद, किमान ३०० मिमी धरा.

निकॉन डी३५०० किंवा डी५६०० च्या बॉडीत फोकस मोटर नाही. स्वस्त मिळते म्हणून ५० मिमी १.८ डी (हिच्यातही मोटर नसते) लावलीत तर फोकस हातानेच करत बसाल. एएफ-एस १.८ जी घ्या, तिच्यात स्वतःची मोटर असते.

जुना कॅमेरा घेताना शटर काउंट, म्हणजे आजवर शटर किती वेळा उघडलं ते, विचारा. एफ १६ वर मोकळ्या आकाशाचा फोटो काढा; काळे ठिपके आले तर ती बहुधा सेन्सरवरची धूळ, साफ होते. लेन्समध्ये टॉर्च मारल्यावर जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कितीही स्वस्त असो, सोडून द्या. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ती चांगल्या लेन्सलाही धरते, म्हणून हवाबंद डबा आणि सिलिका जेल पहिल्या दिवसापासून.