वाचकांचे प्रश्न : एका चाकासाठी अख्खा सेट?

प्रश्न : आईच्या बॅटरीवरच्या व्हीलचेअरला चौदा महिने झाले. पुढचं डावं चाक थरथरतं आणि पूर्ण चार्ज करूनही रंकाळ्याला जाऊन येईपर्यंत खुर्ची दम सोडते. विक्रेते म्हणतात, सुटे भाग मिळत नाहीत, पूर्ण सेट घ्या; बाहेर उघडलीत तर वॉरंटी गेली. काय करावं?
— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : आधी वॉरंटी कार्ड बघा. बॅटरीची मुदत बहुधा वेगळी आणि कमी असते. मुदत शिल्लक असेल तर स्क्रूला हात न लावता लेखी तक्रार द्या. संपली असेल, तर त्या धमकीत काही उरलेलं नाही.

चाकाचं काम उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये होईल. खुर्ची बंद करून पुढची बाजू ठोकळ्यावर उचला आणि चाक हाताने फिरवा. खरखर आली तर बेअरिंग गेलं. चाक मोकळं फिरतं पण चाक धरणारा काटाच डुलतो, तर वरच्या खुंटीचा नट ढिला आहे. ॲक्सलवर केस गुंडाळलेले असतातच. त्यात पाणी धरून बेअरिंग गंजतं. बेअरिंगच्या कडेवरचा आकडा वाचा. पुष्कळदा तो ६०८ असतो : भोक ८ मिमी, बाहेरून २२, जाडी ७. आपल्या पावसात रबरी सीलचंच घ्या, आणि जोडीनं बदला. बसवताना दाब बाहेरच्या कडीवर द्यायचा. आतल्या कडीवर ठोकलं की नवं बेअरिंगही खरखरतं. दोन बेअरिंगांमधली छोटी नळी मात्र हरवू देऊ नका. ती नसेल तर नट आवळताच चाक जाम होतं.

बॅटऱ्या शिशाच्या असतील तर १२ व्होल्टच्या दोन, एकापाठोपाठ जोडलेल्या असतात. चढावर खुर्ची चालवत दोन्हींचे व्होल्ट वेगवेगळे मोजून घ्या. एकीचा आकडा साडेदहाखाली घसरला, तर ती गेली. तरी दोन्ही बदलाव्या लागतात, त्याही एकाच एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता). जुनीच्या जोडीला नवी लवकर मरते. लिथियमचा पॅक घरी उघडू नका.

कंट्रोलर (मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक भाग) आणि ब्रेक यांचं सेटिंग कंपनीच्या कुलपात असतं. खरी अडवणूक तिथे होते, आणि ती आम्हाला मान्य नाही. खुर्ची बंद म्हणजे माणूस घरात कोंडलेला. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०२२ मध्ये बॅटरीवरच्या व्हीलचेअरचे भाग आणि माहिती ग्राहकाला देणं कंपन्यांना बंधनकारक केलं. आपल्याकडे केंद्र सरकारचं ‘राइट टु रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल त्याच वर्षी आलं, पण त्याच्या चार क्षेत्रांत व्हीलचेअर नाही. म्हणून भागाचा क्रमांक आणि किंमत ईमेलने मागा. उत्तर टाळलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथेही निभावलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. कंपनी कुठलीही असो, तुम्ही कोल्हापुरात राहता म्हणून इथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं; पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. काढलेलं बेअरिंग आणि बदलाचं बिल तोवर जपून ठेवा.